शेटजी विमानात बसले नाहीत

प्रिय दादा,

उद्या पोळा. तुला जाऊन वर्ष झालं. आजवर लिहिलं नाही, कारण तुला ऐकवण्यासारखं काही नव्हतं. आज आहे. शेटजींच्या तोंडून मी ते वदवून घेतलं, आणि वहिनीनं ते आपल्या कानांनी ऐकलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर शेटजींनी हौसेनं घेतलेलं ते अमेरिकी विमान, दोन माणसांचं, पुढे एक छोटं चाक असलेलं. लष्करानं सोडून दिलेल्या धावपट्टीवर तू ते रोज तापवायचास, जमिनीवरच फिरवून आणायचास. उडवणारा नागपूरहून यायचा, पण जीव त्यात तुझा होता.

गेल्या पोळ्याला तू वहिनीला आणायला तिरोड्याला गेला होतास. दुसऱ्या दिवशी परतलास आणि शेटजींनी घाई केली म्हणून तसाच विमानात बसलास. ते धावता धावता डावीकडे ओढलं गेलं आणि गिट्टीच्या ढिगावर आदळलं, त्यातच तू गेलास. का बसलास रे? "आधी खाली वाकून पाह्य, मंग चावी फिरव," हे मला मोटारी शिकवताना रोज ऐकवणारा तू. त्या दिवशी तुझी पाठ का वाकली नाही? याचा राग मला अजून आहे.

शेटजींवरचा राग वेगळा. पोलिसांना ते म्हणाले, "मशीन एकदम ठीक थी. सासुरवाडीहून पिऊन आला होता." तू, ज्याला मोहाच्या फुलांचा वासही सहन होत नसे! तेव्हापासून वहिनी दिसली की विहिरीवरच्या बाया बोलायच्या थांबतात. ती भर दुपारी पाणी भरते, तिथे कोणी नसतं तेव्हा.

पंख दुरुस्त करून शेटजींनी विमान विकायला काढलं. परवा मला बोलावलं. "पुढचं चाक डावीकडे ओढून राहिलं. देख ले." मी लगेच हो म्हणालो. दादा, वर्षभर मी याच बोलावण्याची वाट पाहत होतो.

तू शिकवलंस तसाच गेलो. टायरची हवा पाहिली, बरोबर होती. डावा ब्रेक धरतोय का पाहिलं, तसंही नव्हतं. मग शेपटीवर धानाची पोती टाकून नाक उचललं आणि चाक हातानं फिरवलं, तर ते कुठे थांबेचना. चाक फार वळू नये म्हणून तिथे लोखंडाचा एक कान असतो ना, तो तुटला होता. चाक वळवणाऱ्या पायाखालच्या पट्ट्या सरळ ठेवल्या तरी चाक डावीकडेच बघत होतं, कारण त्याची एक सळई वाकली होती. आणि चाकाच्या दांड्यावर, रंगात, दोर घासल्याचा वळ होता.

दोराचा वळ दिसला आणि मला गेला पोळा आठवला. तू नसताना शेटजींनी विमानाला सजवलेली बैलजोडी जुंपून मिरवलं होतं. साऱ्या दवनीवाडा गावानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती जोडी हाकणाऱ्या सुखराम गाडीवानाला मी गाठलं. तो म्हणाला, "बैल आखूड वळले अन् कडकन आवाज आला. तुटलेला कान मी शेटजीले तवाच दाखवला. ते म्हनले, चूप राय, कोनाले सांगू नोको."

म्हणजे तुला आत बसवताना त्यांना ठाऊक होतं.

मी काहीच दुरुस्त केलं नाही. आज गिऱ्हाईक आलं, बघे जमले, वहिनीलाही मी मुद्दाम बोलावलं. सगळ्यांसमोर हात पुसले आणि म्हणालो, "शेटजी, मशीन एकदम ठीक आहे. या, बसा. एक चक्कर मारून आनतो."

ते जागचे हलले नाहीत. "ठीक से देखा?"

"पाह्यलं. काईच नाई बिघडलं."

"अरे, वो कान टूटा है ना, तो आधी लाव."

"कोनता कान, शेटजी? मी तं कोनालेच सांगतलं नाई. तुमाले कवापासून ठाऊक?"

सुखराम पुढे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. गिऱ्हाईक आपल्या मोटारीत बसून निघून गेलं. वहिनी शेटजींच्या अगदी समोर गेली. "आता सांगा, माहा मालक पेला होता का?" शेटजी "नाही" म्हणाले, पण इतक्या हळू की तिनं त्यांना पुन्हा मोठ्यानं बोलायला लावलं.

आज संध्याकाळी ती घागर घेऊन भर गर्दीत विहिरीवर गेली.

लोक म्हणतात, झालं ना, आता सोड. काऊन सोडू? तू परत येणार आहेस का? उद्या तोरणाखाली शेटजींचे बैल उभे राहतील, झडत्यांची टोमणेबाज गाणी सुरू होतील. माझी झडती तयार आहे:

चाक होतं वाकडं, शेट म्हने सरळ,
मेल्या मानसावर ओकली गरळ!

यावर सारा गाव हर हर महादेव म्हणेल. बैलांवर माझा राग नाही, त्यांना मी पुरणपोळी चारीन. पण ही झडती मी दर पोळ्याला म्हणेन. माझा आवाज गेला की गावातले दुसरे म्हणतील, आणि शेटजींचे नातू कासरा धरून ती ऐकत उभे राहतील. हे माझं तुला वचन.

तुझा, तुझ्यासारखा शांत कधीच नसलेला भाऊ,
गुलाब