रेघ नसलेला माणूस

८ फेब्रुवारी

चि. मास्तर यांस,
अ. उ. आ.

दोनच वर्षांनी मोठी असले तरी आशीर्वाद द्यायचा हक्क मी सोडणार नाही. कामाचं सांगते. आईने तिच्या लग्नाच्या कार्डाची जबाबदारी आपल्या दोघांवर टाकली आहे. छापखान्यातली सोनेरी अक्षरं तिला नकोत. म्हणाली, या वयात लग्न करतेय, तर निदान कार्ड तरी पोरांच्या हातचं असू दे. तारीख विचारली तर म्हणते, कार्ड झालं की ठरवू. म्हणजे आईचं लग्न आता तुझ्या कोरणीवर अडलंय, आणि तुझी कोरणी कोणत्या वेगाने चालते ते मला पुरेपूर ठाऊक आहे.

माझा बेत असा. चित्रात परसातलं बाक, मागे स्वयंपाकघराची खिडकी, बाजूला कुंड्या. बाकावर आई, आणि तिच्या शेजारी घड्याळवाले. (कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भल्या माणसाला हे नाव तू ठेवलंस. आता आईही त्यांना त्याच नावाने हाक मारते, आणि तेही ओ देतात.) रंगागणिक एक, असे लिनोच्या मऊ लादीचे चार ब्लॉक, म्हणजे चार ठसे. काळ्या रेघांचा तू कोर, चित्रकलेचा मास्तर तू. तो मी ओल्या शाईने बाकीच्या तिन्हींवर उमटवून घेईन, म्हणजे कुठला रंग कुठे ते कळेल. पिवळा, लाल, निळा मी कोरते. छापताना फिक्याकडून गडदाकडे जायचं. पिवळ्यावर निळा पडला की कुंड्यांतली पानं फुकटात हिरवी! तुझ्या रेघा कोरायच्या सगळ्यांत आधी आणि छापायच्या सगळ्यांत शेवटी.

चित्र उलटं कोरायचं, हे तुला सांगायला नको. पण शाळेच्या फलकावर शाळेचंच नाव उलटं छापून मुख्याध्यापकांना आरसा आणायला लावणारा मास्तर तूच, म्हणून सांगितलं.

आणि आईने बातमी दिल्यापासून तू घरी फिरकला नाहीस, हेही माझ्या लक्षात आहे. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा वापरात ठेव.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ब्लॉक सोबत पाठवतो आहे. उशीर झाला, पण त्यात माझा दोष नाही. लिनो थंडीने इतका कडक झाला होता की कोरणी सटकून थेट अंगठ्यात घुसली. वर्गातल्या मुलांना मी रोज बजावतो की दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा. आता पट्टी बांधलेला अंगठा हलवून तेच बजावतो, आणि सगळा वर्ग खिदळतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशातली गत!

आईच्या चेहऱ्यावर खूप मेहनत घेतली आहे. भुवई उंचावून समोरच्याची फिरकी घ्यायची तिची लकब जमली आहे, असं मला वाटतं. खिडकी, कुंड्या, बाकाच्या पट्ट्या सगळं तू सांगितल्याप्रमाणे. उलटं कोरलं आहे, दोनदा आरशात पाहिलं.

परीक्षा जवळ आल्यामुळे इतक्यात घरी जमेलसं वाटत नाही. आईला सांग. राग आला तर अर्धाच धर, बाकीचा भेटीसाठी ठेव.

तुझा मास्तर

९ मार्च

चि. मास्तर यांस,
अ. उ. आ., तेही हात आखडूनच.

ब्लॉक छापून पाहिला. आई हुबेहूब आहे. भुवई बघून मी दचकून सरळ बसले. पण शेजारी कुणीच नाही! बाकाच्या टोकाला आई, आणि पुढे नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. लग्नाचं कार्ड आहे हे, बस चुकलेल्या बाईचं चित्र नव्हे.

लिनोत एकदा कोरून काढलेलं परत घालता येत नाही, हे तुला माझ्याइतकंच कळतं. तिथे आता नाक डोळे आणायचे तर नवाच ब्लॉक कोरावा लागेल. म्हणजे अंगठा कापला गेला तो थंडीने, आणि माणूस गळला तो कशाने? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला लग्न पसंत नसेल तर तोंडाने सांग, आईच्या कार्डातून नको.

मीही तुझीच बहीण. तू रेघा दिल्या नाहीस ना, मग मी त्यांना नुसत्या रंगांत बसवलंय. पिवळ्या ब्लॉकात सदरा ठेवला, निळ्यात विजार, चेहऱ्याला पिवळ्यावर लाल. केस पांढरे, म्हणजे तिथे कोराच कागद. पहिला छाप आईकडे पाठवला आहे. ती काय म्हणते ते तुला कळेलच, कारण या वेळी मी मध्ये पडणार नाही.

तरीही तुझीच,
ताई

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुमचा छाप मिळाला. मी आणि घड्याळवाले खिडकीपाशी उभे राहून किती वेळ बघत होतो. पिवळ्यावर लाल म्हणजे नारिंगी होतं हे ताईच्या ध्यानात राहिलं नसावं. बाकावर माझ्या शेजारी एक भोपळा सदरा घालून बसला आहे, आणि त्याच्या पोटातून बाकाच्या पट्ट्या आरपार गेल्या आहेत. मला इतकं हसू आलं की टेकायला खुर्ची ओढून घ्यावी लागली. घड्याळवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, रंग तर लागलाय, रेघ काय, पोराच्या मनात येईल तेव्हा मारेल.

त्यांनी ते हसत म्हटलं. मला मात्र मग हसू येईना. बाळा, सगळी नोकरी मी टेलिफोनच्या खोलीत बसून परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. पलीकडचा मुद्दाम बोलत नसेल तर ते मला ओळखू येतं. तू बोलत नाहीयेस.

तुझी परवानगी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. कार्ड झालं नाही तरी लग्न होईल. पण तू तोंड पाडून एका कोपऱ्यात उभा राहिलास, तर माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात राहील. मला तू आनंदाने यायला हवा आहेस. ते नसेलच जमत तर तसं लिही, मी रडून मोकळी होईन. पण हे मूग गिळून बसणं पुरे.

अंगठ्याला हळद लाव. माया आहे तेवढीच आहे, कमी व्हायची सोय नाही.

आई

१९ मार्च

श्री. घड्याळवाले यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी बऱ्याच वेळा फाडलं, तेव्हा थोडक्यात लिहितो. तुमच्या रेघा कोरायला बसलो, आणि लक्षात आलं की तुमचा चेहरा मला आठवतच नाही. चष्मा तेवढा आठवतो. इतक्यांदा भेटूनही मी तुमच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. येत्या रविवारी आईच्या परसात, बाकावर, थोडा वेळ माझ्यासमोर बसाल का? बोललं पाहिजे असं काही नाही. ही मेहरबानी व्हावी.

आपला,
चित्र अर्धवट ठेवणारा

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. आईला आतच थांबायला बजावलं होतं, त्यामुळे ती स्वयंपाकघरात भांडी आपटून आपण तिथेच असल्याचं कळवत होती.

घड्याळवाले कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून आले. ओळखपत्राचा फोटो काढायचा असल्यासारखी हनुवटी वर, आणि डोळे मिटले जाऊ नयेत म्हणून ताणलेले. तीन कागद वाया गेले. शेवटी म्हटलं, तुमचं काही काम असेल तर करत बसा. त्यांनी खिशातून कुणाचं तरी मनगटी घड्याळ काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मला विसरले. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, की चहात साखर किती. तिला ती माहीत असणार, ताई, तिला नुसती हाक मारायची होती. ते भिंगासकट खिडकीकडे वळून हसले. चेहरा मिळाला.

मला वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहत थांबलो होतो. वाटलं नाही.

तुला आता सांगतो. ती जागा मी विसरलो नव्हतो. माझ्या लेखी तिथे बाबा बसले होते. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचे नाक डोळे कोरायला हात धजेना, म्हणून सगळ्यात आधी तेवढाच तुकडा खरवडून टाकला. घड्याळवाल्यांना हे मी बोललो नव्हतो. पण उठताना तेच म्हणाले की मला अगदी टोकाला बसव, मधली जागा तुझ्या वडिलांची, ती मोकळी राहू दे. एवढा मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्याला भोपळा होऊ दिला.

तेव्हा पाचवा ब्लॉक कोरला आहे, फक्त त्यांच्या रेघांचा. सुटा आहे, हवा तिथे बसवता येतो. त्यांच्या पोटातल्या पट्ट्या माझ्या पहिल्या ब्लॉकातून तू काढून टाक, काढायला तर काही अडचण नाही. पण ते टोकाला सरकल्यामुळे तुझे तिन्ही रंग नव्याने कोरावे लागतील. शिव्या एकदमच दे, हप्त्याने नको. नव्या मांडणीचं कच्चं चित्र आईलाही पाठवलं आहे.

तुझा, या खेपेस वेळेत काम केलेला,
मास्तर

३१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., थोडे जास्तच.

कच्चं चित्र पाहिलं. चेहरा अगदी त्यांचाच आहे. भिंगाने एक डोळा झाकलाय आणि दुसरा हसतोय. त्यांनी ते चित्र दुकानात नेऊन दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवलं, आणि कुणाचं तरी घड्याळ भलत्यालाच दिलं.

पण माझ्यात आणि त्यांच्यात ही एवढी जागा कशाला? त्यांना विचारलं तर मोठ्या अभिमानाने सांगतात, की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. शाबास! दोघांनी मोठं मन दाखवलंत, आणि जिचं लग्न आहे तिला कुणी विचारलंच नाही.

तुझे बाबा त्या बाकावर कधी बसायचेच नाहीत रे. पट्ट्या पाठीला टोचतात म्हणायचे. दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे, बाकावर टेकायचे ते बूट घालण्यापुरते. ते गेल्यावर मी तिथे बसायला लागले. का कोण जाणे, एका टोकालाच बसायचे, आणि उरलेलं बाक बघत राहायचे. संध्याकाळ संपता संपत नसे. तुम्ही दोघं आपापल्या घरी होतात, तुम्हाला ते कसं दिसणार, आणि मीही कधी सांगितलं नाही. तुला ती जागा बाबांची वाटली. बाळा, ती माझ्या एकटेपणाची आहे. बाबांची आठवण यायला मला बाक लागत नाही. पण ती जागा मी रोज बघितली आहे, आणि माझ्या लग्नाच्या कार्डावर ती मला नको.

तेव्हा त्यांना सरकव. माझ्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल असं. ताईने आधी कोरलेले रंग त्याच जागी आहेत, तिचाही त्रास वाचेल. येत्या एप्रिलचा शेवटचा रविवार ठरवला आहे. तू चार दिवस आधीच ये, शाई वाळायला वेळ लागतो असं ताई म्हणते, आणि मला तुला डोळे भरून बघायचंय.

दोघा पोरांवर माया सारखीच, भांडण नको.

तुझी, आता थोडेच दिवस एकटी,
आई