बाबांनी थेटरात सांगितलेली ओळ

लिंडेल क्रीक, पूर्व टेक्सास
सोमवार, १४ नोव्हेंबर १९६०

प्रिय लायल,

तुला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इथे सगळे ठीक. बाबांचा गुडघा थंडीने कुरकुरतो आहे, परसातले पेकानचे झाड यंदा लगडले आहे, आणि माझे सातवीचे विद्यार्थी तुझ्या गाण्यापायी परीक्षेच्या पेपरात त्यातली लढाई एप्रिलमध्ये लढतात. ती जानेवारीत झाली, हे मी तुला तेव्हाच कळवले होते. जानेवारी चालीत बसत नाही, असे तू उलट लिहिलेस.

शनिवारी त्याच नदीकाठच्या लढाईवरचा तुझा सिनेमा इथे लागला. थेटराबाहेर पाटी होती, ‘आपल्या लायलच्या गाण्यासह’. गाव लोटले. आणि बाबा आले. ज्यांनी तुझी गिटार घरात ठेवू दिली नाही, ज्यांच्या चर्चमध्ये ऑर्गनसुद्धा चालत नाही, ते रविवारचा कोट घालून आयुष्यात पहिल्यांदा थेटरात बसले. आपणहून म्हणाले, “नदी कशी दाखवलीय ते बघायचंय.”

सिनेमा संपला, गाणे आलेच नाही. ते नुसते जाहिरातीसाठी केलेले, सिनेमात नाहीच, असे मॅनेजरने ओशाळून सांगितले. कोणी उठेना. मागून दाणेवाला टकर बाबांना म्हणाला, “काय बंधू टॅलबर्ट, हॉलिवूडवाल्यांनी पोराला कापला वाटतं?”

बाबा उठले. मला वाटले, घरी निघाले. ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि चर्चमध्ये स्तोत्राची ओळ सांगतात तशी, सपाट आवाजात, तुझ्या गाण्याची पहिली ओळ सांगून थांबले. आपल्या लोकांना सवयच. ओळ सांगितली की तोंडे उघडतात. सगळ्या थेटराने ती लांबवून गायली. मग दुसरी. टकरसुद्धा गात होता. अभिमानाच्या भरात मी वाढवून तर लिहीत नाही ना, हे पुन्हा तपासले. नाही. पाचही कडवी त्यांना पाठ होती. घरात तुझी रेकॉर्ड नाही. पण गाडीचा रेडिओ हल्ली बॅटरी फार खातो, अशी त्यांची तक्रार असते.

एप्रिलची ओळ आली. मीही एप्रिलच गायले, मोठ्याने.

पत्र इथेच संपवणार होते. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. काल चर्चच्या पंचांनी बाबांना सांगितले, थेटरात ओळ सांगितलीत, सर्वांसमोर चुकलो म्हणा, नाहीतर चर्चमध्ये ओळ सांगण्याचे काम सोडा. माझ्या जन्माआधीपासून ते काम त्यांचे आहे.

बाबा म्हणाले, “चुकलो म्हणायला एखादी ओळ तरी चुकायला हवी होती. माझी एकही चुकली नाही.”

एप्रिलचे मी काढले नाही.

काम सोडून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि दुसऱ्याने सांगितलेल्या ओळी सर्वांबरोबर गायले. शेजारच्या जागेवर त्यांनी टोपी ठेवली होती. मी तिथे बसू लागले तर म्हणाले, “तू पुढे बस, वर्ना.” ती जागा कोणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. रविवारची प्रार्थना दहाला सुरू होते, हे तुला आठवत असेलच. गिटार लागणार नाही.

लढाई जानेवारीतच झाली. आलास की हे बाबांना सांगू नकोस.

तुझी,
वर्ना