सासऱ्यापुढं वाचायचं पुस्तक

३ जानेवारी १९९४, सोमवार

इंदापुरास्नं वाचनालयाची पेटी आली. मामा, म्हंजी माझे सासरे, गावच्या वाचनालयाचे पंच, म्हणून पुस्तकं पयल्यांदा आमच्याच ओसरीवर. आन वाचायचं मी! सातवी नापास.

मामांचा नियम सगळ्या अंथुर्णे गावाला म्हाईत हाय. सुनंनं सासऱ्यापुढं मोठ्यानं वाचायचं. थांबली न्हाय तर पुस्तक साफ, कपाटात जातं. थांबली की बंद, पेटीत माघारी. मामा म्हणत्यात, डोळ्यानं वाचलं तर काय बी खपतं, तोंडानं वाचून बघा.

तवा मी उंबऱ्याच्या आत, डोईवर पदर. मामा भाईर पाठ करून, चातीवर लोकर कातत. मेंढरं इकली, ऊस लावला, पर चाती काय सुटली न्हाय. आत्या डाळ निवडत बसत्यात. सासू हाय माझी, पर गोष्टीची लई हौस. म्हणत्यात, गोष्ट बरी असली की डाळ लवकर हुती.

मागलं पुस्तक दुसऱ्याच पानाला गेलं. त्यात मास्तरनं बाईचा हात धरला, मी खोकले. खोकला बी थांबण्यातच धरत्यात.

५ जानेवारी

पेटीतलं नवं पुस्तक सुरू केलं. काय लिवलंय! एक नवी नवरी वाडीवर येती, एवढंच हाय अजून. पर डोईवरचा हंडा उतरला की मान जरा येळ आपलीच वाटत न्हाय, ते लिवलंय. मला रोज तसंच हुतं. मी कुणाला कधी बोलले न्हाय. ह्या लिवणाराला कुणी सांगितलं?

आत्यांचा हात डाळीतच थांबला.

८ जानेवारी

ती बाई पोटुशी हाय. माझ्यागतच.

मला म्हैना राहिलाय. भ्या वाटतंय. थोरल्या छकुलीच्या टायमाला भाईर माणसं बसलीती, म्हणून मी पदर दातात धरला. ईळभर आवाज काढला न्हाय. आत अडलंय ते कुणाला कळलंच न्हाय. बारामतीला नेस्तोवर माझी शुद्ध गेलती. डॉक्टर ह्यांना म्हणाला, थोडक्यात वाचली, दुसऱ्या टायमाला जपा. ह्यांनी मला सांगितलं न्हाय. पर मी ऐकलंय.

आता मनात एकच बसलंय — ती बाई वाचली तर मी बी वाचंन. येडेपणा हाय. कळतंय. पर बसलंय.

११ जानेवारी

थांबले!

पान उलटलं आन तिच्या कळाच सुरू. पाणी, रगात, समदं लिवल्यालं. ते सासऱ्यापुढं कसं वाचू? जीभ उचलंना. मामांनी वाट बघितली. मग चाती खाली ठिवली, खाकरले. "न्हाय साफ," म्हणाले. पुस्तक उचलून घिऊन गेले.

ती वाचली का मेली? माझ्याच तोंडानं मी माझं दार लावून घेतलं.

१२ जानेवारी

भाकर गिळंना.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ देताना आत्यास्नी म्हणलं, मामास्नी इचारा ना, त्या बाईचं काय झालं. आधी हसल्या. "पुस्तकातल्या बाईचं सुतक धरलंस व्हय गं?" मग माझ्या तोंडाकडं बघितलं आन उठून मामांकडं गेल्या.

१६ जानेवारी

मामा चाती फिरवत हुते. पाठ माझ्याकडंच. चातीला सांगावं तसं म्हणाले, "ती बाई वाचली."

मामांनी वाचलं! पेपरच्या एका बातमीला ज्यास्नी न्ह्यारीपासनं जेवनापतुर लागतं, बोट ठिवून, त्यांनी!

मी उंबऱ्याआड रडून घेतलं.

१९ जानेवारी

आता मामा रोज थोडं थोडं सांगत्यात. मी काम घिऊन उंबऱ्यापशी बसते. आत्या बी येत्यात. मला तर वाटतंय मामा लिवणारापेक्षा चांगलं सांगत्यात.

पयल्या कळंला ती बाई मुकीच हुती म्हणं. मग सुईण म्हणाली, मेंढी सुदीक वरडती, तुला काय झालंय? तवा ती वरडली. गावाच्या शिवंला आवाज गेला. सासरा अंगणात हुता, त्यानं ऐकलं. वळखलं, की ह्यात काय तरी अवघड हाय. उठला आन गाडी जुपली.

मला ऱ्हावलं न्हाय. लगीन झाल्यापासनं मामास्नी मी सवताहून कधी काय इचारलं न्हवतं. आज इचारलं, "मामा, सासऱ्याला लाज न्हाय वाटली?"

चाती थांबली.

"लाज वाटाया सून जगाया पायजे," म्हणाले.

२४ जानेवारी

ह्ये — माझे मालक — कारखान्याला ऊस टाकून आले आन म्हणाले, तात्या काय सांगत बसत्यात गं तुला? मी म्हणलं, गोष्ट. हसले. आमच्या बाला आन गोष्टी!

आज गोष्टीतली गाडी वड्यात रुतली. मामा म्हणाले, उद्या निघंल.

७ फेब्रुवारी, बारामती

दवाखान्यातनं लिवते.

वरडले! पयल्याच मोठ्या कळंला. पदर दातात धरलाता, सवयीनं. मग ती बाई ध्यानात आली आन पदर सोडला. मामा दारातच बसलेते, पायताण घालून. आत्या म्हणत्यात, चार दिस झालं ते पायताण काढूनच बसंनात. माझा आवाज झाल्याबरूबर शेजारची जीप दारात.

पोर आडवं हुतं. पोट कापून काढलं. डॉक्टरीण म्हणाली, बरं झालं येळंवर वरडलीस.

पोरगी हाय. रंग मामांचा. आत्यांनी बघितली आन म्हणल्या, छकुलीला जोडीदारीण झाली.

मी जित्ती हाय.

२१ फेब्रुवारी

घरी आलेय. बाळाखाली घालाया घोंगडं पायजे हुतं म्हणून लोकरीच्या गोणीत हात घातला. पुस्तक लागलं हाताला. तेच.

पेटीत माघारी गेलंच न्हवतं.

बाळ झोपलं तवा ते पान काढलं. जितं थांबलेते, ते.

ती बाई मेली.

पुढल्याच पानाला मेली. पदर दातात धरून. लोक म्हणाले, गुणाची बाई, शेजारघरी सुदीक आवाज गेला न्हाय. मग नवऱ्यानं दुसरं लगीन केलं, आन गोष्ट तिकडं गेली.

परत वाचलं. सुईण न्हाय. गाडी न्हाय, वडा न्हाय. सासरा तर पुस्तकातच न्हाय!

समदं मामांनीच कातलं. पाठमोरं बसून. माझ्यासाठी.

मी पुस्तक होतं तसं लोकरीत ठिवलं. बाळ उठलं तरी मी उठंना. आत्या बोलवाया आल्या.

२२ फेब्रुवारी

एवढं मोठं माणूस घरात हाय आन मी त्यांचं पायच बघत आले.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तक काढलं आन उंबऱ्यात बसले. "मामा, ह्ये अर्धंच ऱ्हायलंय," म्हणलं. मामांची चाती हवेतच ऱ्हायली. पाठ वळली न्हाय.

वाचाया लागले. ते पान आलं. कळा वाचल्या, पाणी, रगात — थांबले न्हाय. पान उलटलं. वळीवर बोट ठिवलं आन वाचलं: सुईण म्हणाली, मेंढी सुदीक वरडती, तुला काय झालंय? तवा ती बाई वरडली. सासऱ्यानं ऐकलं. उठला आन गाडी जुपली. वड्यात रुतली, निघाली. ती वाचली.

पुस्तक मिटलं.

मामांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला आन म्हणाले, "साफ हाय."