दोन नवऱ्या, दोन काळ्या चोळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

लिही. — थांब, आधी तोंडातलं पान थुंकू दे.

हं. पॉवाचं लग्न झालं. माझ्या नातीचं. मुथूशी. मुथू मुलगी आहे, तेही लिही!

सेमूची पेन्सिल थांबली. सेमू माझी लेक, पॉवाची आई. मला अक्षर येत नाही, म्हणून रोजचं तिच्याकडून लिहवून घेते. नाहीतर मेल्यावर लोक माझ्या नावावर भलतंच खपवतील. म्हटलं, सेमू, गाळू नकोस. वाचता येत नसलं तरी पेन्सिल किती वेळ खरखरते ते ऐकू येतं मला.

दोघींनी खाली तालुक्याच्या कचेरीत सह्या केल्या. नवा कायदा आलाय. सरकारला चालतं. आमच्या डोंगरावरच्या चर्चला चालत नाही.

६ फेब्रुवारी

पाळक आले होते, आमचे थ्रा. बायकोला घेऊन. मी माग कमरेला बांधून बसलेले, उठताही येईना.

सगळं गाव मला फी म्हणतं, म्हणजे आजी. थ्राची बायको म्हणते, "फी, दोघींतली लाल सदरा कोण घालणार हो?" नवरीनं नवऱ्याला लाल सदरा विणून द्यायचा असतो ना आमच्यात. मोठा प्रश्न पडलाय गावाला!

"कुणीच नाही," म्हटलं. "दोघी बाया आहेत, दोन चोळ्या विणतेय. सदऱ्याची हौस असेल तर तुझ्या नवऱ्याला दे. जुना पोटावर चढत नाही त्याच्या."

थ्रा एरवी हसतात. आज हसले नाहीत. म्हणाले, "पॉवानं प्रार्थनेला यावं, फी. पण पांढऱ्यात यावं."

पांढरा लांब झगा कुमारिकेचा. लग्न झालं की तो सुटतो, काळी चोळी आणि लाल लुंगी येते. म्हणजे पोर खोटं नेसून आली तर चालेल. खरं नेसून आली तर दार बंद! वा रे न्याय.

"आणि चोळ्या तुम्ही चढवल्यात," थ्रा म्हणाले, "तर मला ते चर्चच्या मंडळीपुढं ठेवावं लागेल. प्रभुभोजन... आणि ते..." टेकडीकडे बघत राहिले.

टेकडीवर माझा नवरा पुरलाय. शेजारची जागा माझी. बावीस वर्षं राखलीय, दर पावसाळ्यानंतर गवत काढून.

९ फेब्रुवारी, रविवार

माग बंद. खोकला चालू.

१२ फेब्रुवारी

आज लिहायचं ते जड आहे. तीस वर्षं हे कुणाशी बोलले नाही.

सॉ टामला त्याचं नाव. आमच्या चर्चमध्ये गिटार वाजवायचा. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मास्तरासोबत राहायला लागला. मंडळी बसली. याला चर्चबाहेर काढायचं त्यांनी हात वर करा म्हणाले. मी तेव्हा चर्चची सेविका — पुढच्या बाकावर! चटकन हात वर केला. वर आजूबाजूला बघितलं, कुणाचे हात खाली आहेत म्हणून.

तो समोर उभा होता. मलाच म्हणाला, "मावशी, तुमच्या घरी जेवलोय ना मी?"

खाली शहरात गेला. दोन पावसाळ्यांनी पेटीतून आला. त्याला टेकडी मिळाली नाही. कुंपणाबाहेर पुरला, ओढ्याच्या अंगाला. तिथं आता डुकरं उकरतात.

देवानं मला कधी विचारलं नाही त्याबद्दल. विचारेल. मला पाठ केलेलं उत्तर नाही.

सेमू म्हणते, हे फाडू का? नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोरी आल्या. गाडीवरून, धुळीनं माखून. मुथू इतकी लाजली की पायरीवरच चप्पल काढायची विसरली. म्हटलं, "सून समजू तुला, की जावई? कमी खाते तीच माझी सून!" तेव्हा हसली.

प्रार्थना सुटायची वेळ. ओसरीवरच बसवलं दोघींना, सगळ्यांच्या देखत. अंगावरच्या पांढऱ्या झग्यांवरूनच चोळ्या चढवल्या. पांढऱ्या बिया शिवल्यात त्यांवर; डोळ्यांना नीट दिसत नाही तरी बोटांनी शिवल्यात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझी प्रार्थना छोटी — देवा, या तुझ्या. मीही तुझीच. बाकी तू बघ.

रस्त्यावर माणसं थांबली. मग पुढं निघाली. चपला वाजत गेल्या.

सेमू स्वयंपाकघरात मिरची कुटत होती. पॉवा दाराशी गेली, "आई" म्हणाली. कुटणं थांबलं नाही.

१९ फेब्रुवारी

सेमू बोलली अखेर.

"तुला कुंपणाबाहेर टाकतील, आई."

"टामलाला सोबत होईल."

"थट्टा नको ना गं!" रडायलाच लागली. "तुला वाटतं मला माया नाही. ती नरकात जाईल म्हणून मी रोज गुडघ्यावर बसते. रोज. तू त्यांना चोळ्या चढवून हसतेस, आणि भीती सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला."

तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं लागली हाताला. बारीक झालीय पोर. पंचावन्न वर्षांची पोर.

२१ फेब्रुवारी

सेमूच्या बाबांशी बोलून आले, टेकडीवर. म्हटलं, जागा मिळाली नाही तर रागावू नका. माणसं घाबरलीत, वाईट नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मंडळी बसली. एक्केचाळीस हात माझ्याविरुद्ध, सहा खाली. प्रभुभोजन बंद. टेकडी बंद.

पहिला हात कुणाचा वर गेला, तेही लिही, सेमू. गाळू नकोस.

माझा. सेमूचा.

आई म्हणते, झालं लिहून? मग ताट घे, भात निवतोय.