चंदूची गुटी आणि शाबूत कानाचा कप

३ सप्टेंबर १९७७, शनिवार
घोर अन्याय नोंदवतो. घरात शाबूत कानाचा कप एकच. नऊ वर्षे तो माझा. आज केशरबाईने, म्हणजे माझ्या धर्मपत्नीने, त्यातून चहा दिला शेजारच्या प्रमिलाबाईला. मला पितळी वाटी. ओठ भाजला.
प्रमिलाबाई इस्पितळात आया. चंदूला (नातू, आठ महिने) सोळा दिवस जुलाब, म्हणून तिला विचारायचे. धुळ्याच्या आयुर्वेद पाठशाळेत अतिसाराचा अख्खा अध्याय मी पाठ केला, तो कशासाठी?

४ सप्टें., रविवार, सकाळी ७
निश्चय: त्या बाईचे नाव काढायचे नाही. चंदूला लंघन. सुनेला सांगितले, भात बंद, अंगावरचे दूध कमी. ती हं मामा म्हणाली.
गुटी दुप्पट. मुरडशेंग दोन वेढे जास्त. सहाणेवर मी स्वतः उगाळतो; बायकांवर सोडत नाही.
सायं. ५. पूर्वी रविवारी माझ्या ओट्यावर सल्ल्याला गर्दी असे. आज गल्लीतला निंबा आला. आनंदाने चटई टाकली. त्याने विचारले, अण्णा, प्रमिलाबाई घरी आहे का?

६ सप्टें.
जुलाब सात. कारण: दात. (दिसत नाहीत. येण्याआधीच छळतात.)
प्रमिलाबाई सांगून गेली: अंगावर पाजणे थांबवू नका, मऊ मूगभात द्या, उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ मोजून घालून चमच्या-चमच्याने पाजा. याला औषध म्हणतात? हे सरबत. सून मात्र तिला ताई, ताई करते.
आजपासून माझ्या चहात साखर अर्धी.

८ सप्टें.
दोन दिवस पलसाण्याच्या डाइंग हाऊसमध्ये (कापड रंगवायचा कारखाना) मला डबल ड्यूटी. गुटी उगाळता आली नाही. तरी जुलाब तीन! आधीच्या गुटीचा गुण, उशिरा लागलेला. घरात मात्र सगळे श्रेय सुनेने पाजलेल्या सरबताला. केशरबाईने तिला शेवभाजीही पोचवली. वाटी माझी.

९ सप्टें.
गुटी पुन्हा सुरू. तिप्पट.

१० सप्टें., शनिवार
जुलाब नऊ. हवा बदलली असावी. चंदू ठीक आहे.

११ सप्टें.
प्रमिलाबाईने विचारले, पोराच्या तोंडात आणखी काय काय जाते? मी अभिमानाने गुटी सांगितली. पाणी कुठले, अण्णा? म्हटले, बाहेरच्या टाकीचे, ताजे. उकळता का? उकळल्यावर पाण्याचा सत्त्वगुण जातो, असे मी समजावले. सहाण कुठे असते? मोरीत.
तिने मोरीत जाऊन सहाण पाहिली. बोलली असती तर उत्तर तयार होते. केशरबाई म्हणाली, तुमनी गुटी आते तुम्हीच चाटा. सुनेने चंदूला उचलले आणि ती प्रमिलाबाईबरोबर रिक्षात बसली. मला कोणी चला म्हटले नाही.

१३ सप्टें.
इस्पितळात गेलो. चंदूच्या हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस जुलाब, त्यात उपाशी ठेवलेले पोर, उद्यापर्यंत थांबा, मग सांगतो. प्रमिलाबाईने ड्यूटी बदलून घेतली आहे. तिच्या चमच्याने तो पाणी घेतो. माझ्या हातून घेतले नाही. याचाही हेवा वाटला.
घरी येऊन कप धुतला, उकळत्या पाण्यात. तिला देईन.
चंदूचे पोट चिमटीत धरले की कातडी तशीच उभी राहते. रडतो तेव्हा डोळ्यांत पाणी येत नाही. हे मी शनिवारीच पाहिले होते. इथे लिहिले नाही.