अंधारातली रतनजोत

अब्बा, मातीत हात न घालता मी रतनजोतीचा लाल रंग काढला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचं होतं. मी कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी श्रीरामपूरच्या आपल्या जडीबुटीच्या दुकानात तुम्ही भर गिऱ्हाइकांत म्हणाला होतात, "बाटलीत मूळ वाढवनार व्हय? मातीबिगर मूळ म्हंजी गिऱ्हाइकाला टोपी." घरात आपण दखनी बोलायचो, पण मला रागावताना तुम्ही मराठीत यायचात, चार लोकांना कळावं म्हणून. मग उत्तरही मराठीतच घ्या. टोपी नाही ही. केसांच्या तेलासाठी तुम्ही जे मूळ विकायचात, त्याच झाडाच्या या जिवंत पेशी, फक्त साखरपाण्यावर वाढवलेल्या.

हे धंद्यात परवडत नाही असं सगळे म्हणतात, आणि बहुतेक झाडांच्या बाबतीत ते खरंही आहे. जे शेतात चार महिन्यांत ढीगभर येतं ते टाकीत वाढवायला मी खुळी नाही. पण रतनजोत डोंगरातून उपटून आणतात, पुन्हा वाढायला तिला वर्षं लागतात. तुमच्या शेवटच्या दिवसांत पोत्यात निम्मा काडीकचराच यायचा. तो निवडत बसायचात आणि तरी मातीचीच बाजू घ्यायचात, याचा मला अजून राग येतो.

कोल्हारला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये मी खोली भाड्याने घेतली. तेलाचा एक कारखाना म्हणाला, मुळापेक्षा महाग पडला नाही तर तुमचा रंग घेऊ, पण नमुना दिवाळीच्या आत द्या. पेशी वाढल्या भरपूर, पण पांढऱ्याफटक. साखर बदलली, क्षार बदलले, काही उपयोग नाही. लॅबचे मालक दारात येऊन म्हणाले, "म्याडम, हे तर नुसतं पीठच हाय की. दिवाळीनंतर खोली मोकळी करा, मला रोपं ठिवायचीत." दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्यांसमोर स्टुलावर बसले आहे. कामाला येणारी बाई रोजच्यासारखी ट्यूबलाइट लावते, कारण केळीच्या रोपांना उजेड लागतो आणि इथे आल्याआल्या दिवे लावणं हेच पहिलं काम. आणि मला तुमचं ओरडणं आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची, रतनजोतीचा डबा उन्हात उघडा टाकून खेळते आहे. "झाकन लाव आधी. उजेड लागला की तिचा रंग मेला म्हनून समज."

वाळलेल्या मुळाची गोष्ट वेगळी आणि जिवंत पेशीची वेगळी, हे मला कळत होतं. तरी उठून दिवे बंद केले आणि बाटल्यांना काळं कापड गुंडाळलं. बाई म्हणाली, "अंधारात कुटं काय हुतंय व्हय, म्याडम?" दोन आठवड्यांनी कापड काढलं तर बाटल्या लालबुंद. मशीनवर मोजायच्या आधी मी त्यातलं चमचाभर कोमट तेलात टाकलं, तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवायचात तसं. तेल बघता बघता लाल झालं. कारखान्याने पहिली ऑर्डर दिली, खोली माझ्याकडे राहिली. मातीबद्दल तुम्ही चुकलात, अब्बा, आणि मी आवाज खाली न करता सांगते आहे.

हे पत्र तुमच्या त्या रतनजोतीच्या डब्यात ठेवून झाकण लावते. कारखान्याने विचारलं होतं की अंधारात ठेवायचं कसं सुचलं. मी अहवालात लिहिलं, 'प्रयोगान्ती आढळले.' जडीबुटी विकणाऱ्या एका माणसाने मला लहानपणी सांगितलं होतं, हे लिहायची मला लाज वाटली.