लहान गाडीच्या स्प्रिंगा

१२ जानेवारी, सोमवार

ललितने गाडी खाली बसवली. बिघडली म्हणून नाही, मुद्दाम! दसऱ्याला घेतलेली कोरी गाडी. तिच्या चारही स्प्रिंगा काढल्या आणि त्याच कंपनीच्या लहान गाडीच्या घातल्या. चार बोटं खाली आली. "आता कशी दिसते?" म्हणाला. मी म्हटलं, दमलेली दिसते.

हीच उंच गाडी घ्यायची म्हणून याने वर्षभर शोरूम पालथी घातली होती. "आपल्याकडचे रस्ते बघता उंचच पाहिजे" — हे याचंच वाक्य. आता रस्ते सुधारले असावेत. मला कुणी कळवलं नाही.

१३ जानेवारी

सोसायटीच्या गेटवर स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासलं. मोतीराम वॉचमन पळत आला. त्याला वाटलं कुणी पत्रा ओढतंय.

ललितने मग बारकू मेकॅनिकचं शास्त्र सांगितलं. गाडीत एकटा असेल तर घासत नाही. दोघं असतील तर तिरकी काढायची. त्याहून जास्त असतील तर बाकीच्यांनी उतरायचं, गाडी पार झाली की परत बसायचं. हे सगळं गंभीर चेहऱ्याने. पाच सीटची गाडी घेतली आणि माणूस बसणार एक. स्कूटर काय वाईट होती?

१५ जानेवारी

सासूबाईंना रविवारी सटाण्याला सोडायचंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, महिना होत आला. दसऱ्याला आल्या तेव्हा एसटीने परत गेल्या, त्यामुळे गल्लीने अजून आमची गाडी पाहिलेली नाही. कुणाकुणाच्या मुलाची गाडी दारात आली, ती यादी सासूबाईंना तोंडपाठ आहे. आता आपली पाळी! रोज फोन चाललेत. शेजारच्या नवसाबाई ओवाळणार, नारळ दारातच फुटणार. पाखडायचं सूप धुऊन ठेवा म्हणून सांगितलं, कशाला ते मी विचारलं नाही.

ललितला म्हटलं, एका दिवसापुरत्या जुन्या स्प्रिंगा घाल. गल्लीत चढ आहे, गटारं आहेत. "नाही." अरे, आईसाठी? "नाही म्हटलं ना." भाजी कुठली आणू हे मला तीनदा विचारणारा माणूस! एवढं ठाम बोलताना बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

१७ जानेवारी

बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आला. पिशव्या मोजल्या. मग सासूबाईंना, "आई, एक मिनिट उभी राहा गं." त्या काट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "मी काय कांदासनी गोनी शे का?"

मी पोट धरून हसले. ललितने आकडा लिहून घेतला.

१८ जानेवारी, रविवार

लिहिताना दोनदा पेन कागदातून आरपार गेलं. रागाने.

हायवेला काही नाही. सोग्रस फाट्यावरून देवळ्याकडे वळलो आणि सुरू झालं. स्पीडब्रेकर दिसला की ललित गाडी कडेला घेणार — "उतरा." काळा चष्मा लावलेल्या सासूबाई माझा हात धरून स्पीडब्रेकर चालत ओलांडणार आणि रिकामी गाडी शेजारून तिरकी तिरकी जाणार. पलीकडे परत बसायचं. कांद्याच्या ट्रॅक्टरवरचा एकजण ओरडला, "ताई, धक्का मारू का?" सत्तरीची बाई अकरा वेळा उतरली आणि अकरा वेळा चढली. मी मोजलं. मोजण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण वर आलेलं आहे. गाडी त्यावर जाऊन बसली. पुढे नाही, मागे नाही. चाकं गरगर फिरताहेत. तिकडे घराच्या दारात सात-आठ बायका ताट घेऊन उभ्या. त्या बघताहेत, आम्ही बघतोय. शेवटी नवसाबाईच ताट घेऊन चालत आल्या आणि गटारावर बसलेल्या गाडीला ओवाळलं. नारळ चेंबरवर फुटला. मग चौघांनी उचलून गाडी सोडवली.

सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "पोऱ्यानी मुद्दाम तठेच थांबाडी, गल्लीमा गर्दी नको म्हनीसन." घरापर्यंत चालत गेल्या. चष्मा काढला नाही. बरं झालं, मला त्यांचे डोळे बघवले नसते.

निघताना नवसाबाईंनी कांद्याची गोणी आणून ठेवली. ललित म्हणाला, नको, वजन होईल. सटाण्याहून गोणीशिवाय निघायची ही पहिली वेळ. नवसाबाईंनी गोणी तशीच ओढत परत नेली.

१९ जानेवारी

भांडले. अगदी मनासारखं भांडले. चाळीस वर्षांचा घोडा झालास आणि कॉलेजच्या पोरांसारखी गाडी जमिनीला लावतोस? कुणाला दाखवायचीय? तुझ्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांना? आईला गल्लीच्या तोंडापासून चालायला लावलंस. ती तुझ्यासाठी खोटं बोलली, तेवढं तरी कळलं का?

त्याने सगळं ऐकलं. चष्मा पुसला. "तुझं झालं?" म्हणाला आणि ड्यूटीला गेला.

दुपारी शाळेत स्टाफरूममध्ये सगळी गोष्ट सांगितली. काट्यापासून चेंबरपर्यंत, आवाज काढून. योगिनी मॅडमच्या हातातला चहा सांडला. त्या म्हणाल्या, तृप्ती, तू नाटकात जायला पाहिजे होतंस. खरंच छान जमलं.

२० जानेवारी

जुन्या स्प्रिंगा बाल्कनीत गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात, म्हणजे टाकल्याही नाहीत. शनिवारी मीच बारकूकडे घेऊन जाणार आहे. सासूबाईंच्या दारात गाडी गेलीच पाहिजे. नवसाबाईंना परत ताट धरायला लावीन, हवं तर पाया पडेन.

२१ जानेवारी, बुधवार

सासूबाईंचा फोन. शनिवारचं सांगितलं. वाटलं खूश होतील. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे त्यानी गाडी तशीच."

का, म्हटलं.

"तूच बोलनी व्हती ना, गाडीनी पूजाना दिवशी. तो गाडीम्हाईन उतरना तधळ. 'सावकाश रे, शिडी आणू का?' सगळा हसनात. तोबी हसना. पन जेवना नही त्या दिवशी. आते उतरताना जमिनले पाय टेकस त्याना."

मला आठवेना. ललित उंचीने माझ्या कानापर्यंत येतो. त्यावरून बारा वर्षांत मी काय काय बोललेय, कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मागच्या वहीतलं दसऱ्याचं पान काढलं. एवढंच आहे: गाडी आली. पूजा झाली. खूप हसलो.